विचारा तर खरं : बांद्याचा कामगार, पावसाळ्यातला ब्रेक आणि एक नसलेला देश

गेल्या अंकात ईएसआयवर, म्हणजे पगारातून थोडा वाटा कापून मिळणाऱ्या कामगारांच्या सरकारी विम्यावर, चार ओळी काय लिहिल्या, पत्रं, व्हॉइस मेसेज, फोटो काढून पाठवलेल्या पगाराच्या स्लिपा, नुसता मारा सुरू झाला. सगळं छापणं शक्य नाही, त्यामुळे एका उत्तरात चारपाच जणांचं काम होईल अशी पत्रं घेतलीत. नावं काढलीत, गावं ठेवलीत. बहुतेकांचा प्रश्न "मला मिळेल का" असाच असतो, पण मी पत्र हातात घेतलं की आधी बघतो ती सवलत कुठल्या खुंटीला टांगलीय, म्हणजे तुम्ही गोव्यात राहता म्हणून मिळते, की नोकरी करता म्हणून, की वय झालं म्हणून. हे न बघता लोक चुकीच्या खिडकीसमोर अर्धा दिवस उभे राहतात आणि मग सरकारला शिव्या घालत घरी येतात. शिव्या घालायला हरकत नाही, पण योग्य खिडकीवर जाऊन घाला ना.

काका, मी बांद्याला राहतो, रोज बाइकने तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला येतो, ग्रॉस १९,८०० आहे, ईएसआय कापतात. बाबांच्या छातीत अधूनमधून दुखतं. गोव्यातल्या सरकारी हॉस्पिटलात नेलं तर म्हणाले तुम्ही गोव्याचे नाही, काही गोष्टींचे पैसे पडतील. मी इथे काम करतो, इथेच टॅक्स भरतो, मग मी गोव्याचा कसा नाही? आणि जानेवारीत पगार २१,९०० होणार आहे, मग ईएसआय लगेच बंद पडणार का?
— एक वाचक, बांदा

बाबा, तुझा राग कळतो. दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यातली एक तुझ्या खिशात आधीच आहे, तू ती वापरतच नाहीयेस.

गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, जिला सगळे डीडीएसएसवाय म्हणतात, ती २०१६ साली सुरू झाली आणि ती राहण्याला बांधलेली आहे. निदान ५ वर्षं गोव्यात वास्तव्य पाहिजे, घरात ३ माणसांपर्यंत असतील तर वर्षाला अडीच लाख, ४ किंवा जास्त असतील तर ४ लाखांचं कव्हर. तू दिवसभर घाम गोव्यात गाळतोस पण झोपायला पत्रादेवीच्या पलीकडे जातोस, म्हणून ती तुझी नाही. परराज्यातल्या पेशंटना काही सेवांचे पैसे लावायचं धोरण २०१८ पासून आहे, ते काउंटरवरच्या माणसाने ठरवलेलं नाही, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. माझं मत विचारशील तर सावंतवाडी, दोडामार्ग, बांदा या पट्ट्यातली हजारो पोरं गोव्याचे कारखाने चालवतात, त्यांना कोल्हापूरपेक्षा बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हणजे गोमेकॉ, जवळ, त्यांच्यासाठी दोन्ही सरकारांनी एकदाचं बसून कायमचं काहीतरी ठरवायला पाहिजे, दर निवडणुकीला तोच विषय नको. तुझ्याकडे महाराष्ट्राचं रेशन कार्ड असणार, त्यावर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे, ५ लाखांपर्यंत, पण ती यादीतल्या हॉस्पिटलातच चालते, त्यामुळे जायच्या आधी ते हॉस्पिटल यादीत आहे का ते विचारून घे.

आता ईएसआय. ही नोकरीला बांधलेली आहे, घर कुठल्या राज्यात हे ती विचारत नाही. पगार २१,००० पर्यंत असला की तुझ्याकडून ०.७५ टक्के आणि कंपनीकडून ३.२५ टक्के, म्हणजे तुझे महिन्याला दीडशेच्या आसपास जातात आणि कंपनीचे साडेसहाशेच्या आसपास. त्या दीडशेत तू, तुझी बायको, मुलं आणि तुझ्यावर अवलंबून असलेले आईवडील येतात, फक्त आईवडिलांचं सगळं मिळून उत्पन्न महिन्याला ९,००० च्या वर नको. आणि इथे उपचाराच्या खर्चाला अडीच लाख, पाच लाख अशी कमाल मर्यादा नाही, हे लोकांना माहीतच नसतं. पण बाबांचं नाव कार्डावर आहे का? नव्वद टक्के घोटाळा इथेच असतो, पोरगा नोकरीला लागला तेव्हा लग्न झालेलं नसतं, एचआरवाल्याने फॉर्म भरताना फॅमिलीच्या रकान्यात काहीच भरलेलं नसतं आणि कोणी परत बघितलेलं नसतं. उद्याच एचआरकडे जा, बाबांचं आधार घेऊन जा, नाव टाकून नवीन ई-पहचान कार्डाची प्रिंट घे. तुला कुठली डिस्पेन्सरी दिलीय तेही त्यावर दिसेल. रीतसर रस्ता डिस्पेन्सरीतून मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलकडे आणि तिथे सोय नसेल तर टाय-अप असलेल्या हॉस्पिटलकडे, असा जातो.

हे झालं रीतसर. पण छातीत कळ आली, घाम सुटला, डावा हात भरून आला तर कार्डबिर्ड शोधत बसू नकोस रे, १०८ ला फोन कर, तो दोन्ही राज्यांत आहे. गोव्यात असताना झालं तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात घुस, तिथे ईसीजी काढून तो गोमेकॉच्या हृदयरोगवाल्यांना पाठवतात आणि गरज पडली तर गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथल्या तिथे फुकट देतात. स्टेमी प्रोजेक्ट म्हणतात त्याला. गोव्याच्या आरोग्य खात्याने केलेल्या कामांत मला हे सगळ्यात जास्त आवडतं. खाजगी गाडी करून थेट बांबोळीला धावण्यात जो वेळ जातो ना, त्यात हृदयाचा स्नायू मरतो.

पगारवाढीचं. ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत मोडतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मधेच २१,००० ओलांडले तरी तो तुकडा संपेपर्यंत कापायलाच लागतं, म्हणजे तुझं ३१ मार्चपर्यंत कापतील, वाढलेल्या पगारावर कापतील, त्यावरून एचआरशी भांडू नकोस. आणि ऑक्टोबर-मार्चच्या भरण्याचा फायदा पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो, त्यामुळे तुझं छत्र ३१ डिसेंबरपर्यंत आहे. बाबांच्या ज्या तपासण्या करायच्यात त्या या मुदतीत करून घे. तू स्वतः आजारी पडून घरी बसलास तर त्या तुकड्यात निदान ७८ दिवसांचा भरणा असेल तर पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतात, तेही लक्षात ठेव.

कळंगुटच्या हॉटेलात मी कुक, ११ वर्षं ७ महिने झाले. टोटल ३०,०००, त्यात बेसिक १२,०००, बाकी एचआरए आणि कसले कसले अलाउन्स. दर वर्षी जूनमध्ये सांगतात गावी जा, ऑक्टोबरात नवीन लेटर देतात. आता मला सोडायचंय, मालक म्हणतो दर वर्षी ब्रेक आहे, शिवाय तू स्वतः रिझाइन करतोयस, शिवाय पीएफ भरलाय, त्यामुळे ग्रॅच्युइटी झिरो.
— एक वाचक, कांदोळी

मालकाने तीन कारणं दिली आणि तिन्ही कच्ची. तुम्ही मात्र पत्र पाठवून चांगलं केलंत कारण किनारपट्टीवर हाच खेळ सगळीकडे चालतो, शॅकवाल्यांपासून मोठ्या रिसॉर्टपर्यंत.

सोपं आधी. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी संपताना सेवेच्या वर्षांवर मालकाने द्यायची एकरकमी रक्कम. राजीनामा दिला म्हणून ती जात नाही, ५ वर्षं सलग सेवा झाली की राजीनामा, निवृत्ती, काहीही असो, मिळते. ती जप्त करता येते ती मालमत्तेचं नुकसान, मारामारी, नैतिक अधःपतनाचा गुन्हा असल्या कारणाने नोकरीवरून काढलं तरच. पीएफ वेगळा, ग्रॅच्युइटी वेगळी, एकाने दुसरी फिटत नाही. हॉटेलात १० किंवा जास्त माणसं असली की कायदा लागू.

आता ब्रेक. कायद्यात सलग सेवा म्हणजे रोज हजर असणं नव्हे. आजारपण, रजा, ले-ऑफ, आणि कामगाराची चूक नसताना काम बंद पडलं तर तो काळ, हे सगळं सलगच धरतात. पावसात मालकाने किचन बंद केलं ही तुमची चूक आहे का? नाही. आणि समजा कोणी हे मान्य नाही केलं तरी दुसरी वाट आहे, १२ महिन्यांत २४० दिवस काम भरलं की ते वर्ष सलग. ऑक्टोबर ते मे मोजा, २४३ दिवस होतात, पगारी सुट्ट्या धरून तुम्ही काठावर आहात, म्हणून हजेरीचा प्रत्येक कागद महत्त्वाचा.

पण एक तिरका मुद्दा मालकाचा वकील काढणार आहे, तो आधीच सांगतो. हंगामी आस्थापना असेल तर वर्षाला १५ दिवसांच्या ऐवजी हंगामाला ७ दिवसांचा पगार धरतात, म्हणजे रक्कम निम्म्याहूनही खाली येते. शॅक खरोखरच हंगामी, वाळूवरचा मांडव पावसाआधी उतरवायलाच लागतो. पण तुमचं पक्कं बांधकामाचं हॉटेल जुलैत खरंच कुलूप लावून असतं का? की रिसेप्शन चालू, दहा खोल्या भरलेल्या, किचनात दोन माणसं, आणि इन्स्टाग्रामवर "मॉन्सून ऑफर"? ती ऑफर म्हणजे तुमचा पुरावा. स्क्रीनशॉट काढून ठेवा, जुलै-ऑगस्टचे गेस्टचे रिव्ह्यू काढून ठेवा, तारखेसकट. बारा महिने चालणाऱ्या हॉटेलाला फक्त ग्रॅच्युइटी द्यायच्या दिवशी हंगामी होता येत नाही.

हिशोब. ७ महिने म्हणजे सहाच्या वर, म्हणून १२ वर्षं धरायची. सूत्र सोपं, शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. नुसत्या बेसिकवर केलं तर ८३,०७७. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे, लागू झाल्यात आणि त्यात पगाराची व्याख्या बदललीय, एचआरए, प्रवासभत्ता असले भत्ते मिळून एकूणच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग पगारातच धरायचा. तुमचे भत्ते १८,०००, निम्मे म्हणजे १५,०००, वरचे ३,००० बेसिकमध्ये येऊन पगार १५,००० झाला, मग ग्रॅच्युइटी १,०३,८४६. वीस हजारांचा फरक आहे, मालकाचा अकाउंटंट जुन्या पद्धतीने चेक काढेल, तो तसाच सही करून घेऊ नका. बाकी राहिलेला पगार राजीनाम्यानंतर २ कामाच्या दिवसांत द्यायचा असतो, ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या, नाही दिली तर पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनात लेबर कमिशनरचं ऑफिस आहे, तिथे जा. तोंडी मागू नका हो, हॉटेलवाले तोंडी मागणाऱ्याला चहा पाजून परत पाठवण्यात तरबेज असतात.

ताई असत्या तर बरं झालं असतं पण काका, तुम्हालाच विचारते. म्हापशात कपड्यांच्या मोठ्या दुकानात आहे, आम्ही चौदा जण. मला पाचवा महिना लागलाय, गरोदर आहे. मालक म्हणतो तुझं अकरा महिन्यांचं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय, बाळंतपण एप्रिलमध्ये, म्हणजे विषयच मिटला.
— एक वाचिका, थिवी

बाय, विषय मिटत नाही. आधी स्लिपवर ईएसआय कापतात का बघ. कापत असतील तर मालकाशी बोलायचीसुद्धा गरज नाही, २६ आठवड्यांचा पूर्ण पगार ईएसआयचं महामंडळ थेट तुझ्या खात्यात देतं, अट एवढीच की आधीच्या दोन तुकड्यांत (वर बांद्याच्या उत्तरातले सहा-सहा महिन्यांचे) मिळून ७० दिवसांचा भरणा पाहिजे. लहान मालकांना मी हेच समजावत असतो की बाबांनो ईएसआय भरलीत तर हा बोजा तुमच्यावर येतच नाही, पण महिन्याचे सव्वातीन टक्के वाचवायला बघतात आणि मग बाईला काढायला बघतात.

ईएसआय नसेल तर पगार मालकाने द्यायचा. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ आधी घेता येतात. दोन मुलं आधीच असतील तर १२ आठवडे. मूळ कायदा १९६१ चा, डिसेंबर महिन्यातला, म्हणजे गोवा मुक्त व्हायच्या आठवडाभर आधीचा, २०१७ मध्ये १२ चे २६ आठवडे झाले आणि आता तेच सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत आलंय. काँट्रॅक्टचं म्हणशील तर ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पात्र झालेल्या बाईला काँट्रॅक्टची मुदत संपली तरी प्रसूतीचे लाभ द्यायला लागतात. हे त्या प्रकरणात एका डॉक्टरबाईंना मिळालं, पण कायदा दुकानातल्या मुलीलाही तोच आहे.

काय करायचं? आजच एक पानाचं पत्र लिही, अपेक्षित तारीख आणि रजा कधीपासून ते टाक, डॉक्टरच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स जोड, दुकानाच्या ईमेलवर पाठव आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही. एकदा नोटीस दिली की त्यानंतर काढणं हे गरोदरपणामुळेच काढलं असं दिसतं, आणि मालकाच्या वकिलालाही ते कळतं. आणि मालकाशी बोलताना आवाज चढवू नकोस, बीपी वाढवून घेऊ नकोस, भांडायचं काम कागदाला करू दे.

फूड डिलिव्हरी करतो, पर्वरीला. पडलो, हाताला प्लास्टर. ॲपवाले म्हणतात तुम्ही एम्प्लॉयी नाही, पार्टनर.
— एक वाचक, साळगाव

पार्टनर असाल तर नफ्यात वाटा कुठाय, असं विचारावंसं वाटतं, पण असो. आजच्या घडीला तुम्हाला ईएसआय नाही. नव्या संहितेत गिग कामगार, म्हणजे तुमच्यासारखे ॲपवरून सुटी कामं करणारे, ही जात कायद्याने मानलीय, ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के सामाजिक सुरक्षेच्या फंडात द्यायचे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंतच, असं आहे. त्यासाठी तुमचं नाव नोंदलेलं पाहिजे म्हणून ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीच्या पोर्टलवर, आधारने रजिस्ट्रेशन करून टाका, फुकट आहे. अपघाताचं : मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या कोणालाही ठरलेल्या हॉस्पिटलात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार आहेत, नोकरी आहे की नाही, गोव्याचा आहे की नाही, काही विचारत नाहीत. दुसऱ्या गाडीने ठोकलं असेल तर पोलिसांत नोंद झालीय का बघा आणि क्लेमसाठी वकिलाकडे ६ महिन्यांच्या आत जा. ॲपमधला तुमचा त्या दिवसाचा ऑर्डर हिस्टरीचा स्क्रीनशॉट काढलाय का? आत्ता काढा.

सर, आमच्या कॉलेजात एक स्पर्धा आहे, गटागटाने एक काल्पनिक देश बनवायचा आणि त्याचे कायदे लिहायचे. आमच्या गटाकडे आरोग्य, कल्याण योजना आणि कामगार आलेत. आम्ही लिहिलं "सर्व नागरिकांना सर्व उपचार मोफत" तर मॅडम म्हणाल्या हे घोषणापत्र झालं, कायदा लिहा. कुठून सुरुवात करू?
— बारावीची विद्यार्थिनी, फोंडा

वा, या महिन्यातलं सगळ्यात आवडलेलं पत्र. मॅडमचं बरोबर आहे.

तुमच्या त्या वाक्यात "नागरिक" हा शब्द आहे ना, तिथून सुरू करा. तुमच्या देशात शेजारच्या देशातून रोज कामाला येणारी माणसं आहेत का? वर बांद्याच्या वाचकाचं पत्र आहे ते वाच. हक्क कशाला बांधायचा हे आधी ठरवलं की निम्मा कायदा आपोआप लिहून होतो, आणि जगात याचे वेगवेगळे नमुने आहेत. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांचा आजारपणाचा विमा आणला, तो नोकरीला बांधला, मालक आणि कामगार दोघांनी पैसे घालायचे. आपली ईएसआय त्याच वळणाची. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखणाऱ्या अदारकर यांनी १९४४ मध्ये अहवाल दिला, एप्रिल १९४८ मध्ये कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत सुरुवात झाली, गोवा तेव्हा पोर्तुगालकडे होता. त्याच १९४८ च्या ५ जुलैला ब्रिटनने एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा सुरू केली, ती राहण्याला बांधली, नोकरी आहे का हा प्रश्नच काढून टाकला आणि पैसा मुख्यतः टॅक्समधून. म्हणजे ती सुरू व्हायच्या अडीच महिने आधी आपला कायदा झालेला, पण आपण पगाराची स्लिप बघायचं ठरवलं, आणि ज्यांच्याकडे स्लिपच नाही, पागी (मच्छीमार), रेंदेर (माडाची सूर काढणारे), मोटारसायकल पायलट, घरकामाला जाणारी बाई, ते सगळे बाहेर राहिले. त्यांच्यासाठी मग एकेक योजना काढत बसावं लागलं, अजून काढतोच आहोत.

फुकट म्हणजे किती फुकट हेही लिहायला लागतं. ब्रिटनमध्ये सगळं फुकट सुरू केलं आणि तीनच वर्षांत, १९५१ ला, चष्मे आणि दातांच्या कवळ्यांना पैसे लावायचं ठरलं, तेव्हा ज्यांनी ती एनएचएस उभी केली ते अन्यूरिन बेव्हन मंत्रिमंडळ सोडून गेले, आणि गंमत म्हणजे त्या वेळी ते कामगार मंत्री होते. चष्म्यासाठी राजीनामा! थायलंडने २००२ मध्ये दुसरी युक्ती केली, प्रत्येक भेटीला ३० बाट, नावापुरतेच, बाकी सरकार. तुमच्या देशाचं काय? मला विचारशील तर दारात पैसे नकोतच, कारण दहा रुपये असले तरी म्हातारी आई "उद्या बघू" म्हणते आणि उद्या आजार वाढलेला असतो. पण त्याबरोबर टॅक्स कोणावर आणि किती हे कलमही तुमच्याच गटाने लिहायचं, ते अर्थखात्यावाल्या गटावर ढकलायचं नाही.

कामगारांच्या बाबतीत मोठमोठ्या शब्दांपेक्षा आकडे लिहा. आठवड्याला किती तास? आपल्याकडे डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खातं बघत होते, त्या काळात सुरू झालेल्या कामातून १९४६ मध्ये कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. आकडा होता म्हणून तो मोजता आला, "माणुसकीचे तास" असं लिहिलं असतं तर प्रत्येक मालकाची माणुसकी वेगळी निघाली असती. ओव्हरटाइमला किती पट? आपल्या वेतन संहितेत निदान दुप्पट आहे, पण डिसेंबरात बागा-कळंगुटच्या पट्ट्यात फिरून विचार कोणाला दुप्पट मिळतो, त्यावरून तुम्हाला पुढचं कलम सुचेल, ते म्हणजे सिद्ध कोणी करायचं. माझ्या काल्पनिक देशात हजेरीचा आणि पगाराचा कागद मालकाने दाखवायचा, नाही दाखवला तर कामगार म्हणेल ते खरं. एवढं एक कलम घातलंत तर बाकीची दहा कमी लागतील.

आणि मुदती घाला. अर्ज कोणाकडे, उत्तर किती दिवसांत, नाही दिलं तर अपील कोणाकडे, आणि अधिकाऱ्याने वेळेत केलं नाही तर काय. मुलं हा भाग कंटाळवाणा म्हणून सोडतात, पण परीक्षक जर कधी मामलेदार कचेरीत रांगेत उभे राहिले असतील तर मार्क तिथेच देतील. जिंकलात तर कळव, आणि हरलात तरी मसुदा पाठव, मला वाचायचाय.

आमच्याकडे झारखंडची मुलगी घरकामाला आहे, तिला डेंग्यू झाला. आम्ही कायद्याने काय देणं लागतो?
— एक गृहिणी, मिरामार

खाजगी घरात ईएसआय, ग्रॅच्युइटी यातलं काही लागत नाही, त्यामुळे कायद्याचं उत्तर छोटं आहे आणि त्यात तुम्ही सहज सुटाल. पण पंधरा दिवसांचा पगार न कापता द्या, तपासण्यांचे पैसे भरा, तिच्याकडे आयुष्मान कार्ड आहे का बघा, ते राज्याबाहेरही यादीतल्या हॉस्पिटलात ॲडमिट झाल्यावर चालतं. बरी झाली की ई-श्रमवर नाव घाला आणि वय १८ ते ४० मध्ये असेल तर श्रमयोगी मानधन पेन्शनमध्येही, साठीनंतर महिन्याला ३,००० मिळतात. हप्ता तुम्ही भरलात तर मिरामारच्या घराला काही जड जाणार नाही.

आजोबा ७४ वर्षांचे. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे २,००० यायचे बंद झाले. आणि सत्तरीनंतरचं ते पाच लाखांचं कार्ड फक्त गरिबांना का?
— एक वाचक, वाळपई

पैसे बंद झाले की आधी हयातीचा दाखला बघा, दर वर्षी द्यावा लागतो, राहिला की पैसे थांबतात, समाजकल्याण खात्यात चौकशी करा. दुसरं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बघा, बँका विलीन झाल्यावर बऱ्याच जणांचे जुने आयएफएससी कोड बदललेत. दाखला पोचला, खातं नीट आहे आणि तरी येत नाहीत तर लेखी अर्ज.

सत्तरीचं कार्ड गरिबांपुरतं नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, घरात सत्तरीच्या वरचे दोघं असतील तर दोघांत मिळून. आयुष्मान वय वंदना म्हणतात त्याला. ते ॲडमिट झाल्यावर चालतं, रोजच्या बीपीच्या गोळ्यांना नाही, त्या आरोग्य केंद्रातून घ्या. कार्ड काढायला आधार लागतं आणि वय आधारवरच्या तारखेवरून धरतात, सत्तरी तालुक्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख आधारवर १ जानेवारी अशी अंदाजाने टाकलेली असते आणि सालही दोनचार वर्षं इकडेतिकडे असतं, तेव्हा कार्डाच्या रांगेत उभं राहायच्या आधी ते साल बघून घ्या.